बिनशिंगाचा मानकरी

काकांनी केलेल्या तिसऱ्या बैलाची शिंगं जाड, बोथट आणि जरा बाजूला कललेली दिसली, म्हणून मी ती ओढून टोकदार करून दिली.

पोळ्याची सकाळ होती. ओट्यावर पाट, आणि पाटावर काकांनी आदल्या दिवशी केलेली मातीची जनावरं वाळत ठेवलेली. पुढचे दोन बैल झकास होते. मान, वशिंड, खूर, सगळं जिथल्या तिथं. तिसरा मात्र मागं उभा, लहान चणीचा, पाठ सपाट आणि शिंगं ही अशी. मला वाटलं, काकांचा हात आता थरथरतो, शेवटच्या बैलापर्यंत जोर पुरला नसेल. म्हाताऱ्या माणसाला मदत करावी आणि ती त्याला कळू देऊ नये, असा एक थोर विचार माझ्या मनात आला. असे विचार मला उपाशीपोटी फार येतात. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून मी त्या दोन्ही शिंगांना असं काही वळण दिलं की बाजारात उभा केला असता तर लोकांनी येऊन दात मोजले असते.

तेवढ्यात बायको पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिनं पाटाकडं पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबली.

“अवो, हे काय केलं?”

“शिंगं नीट केली. काकांना सांगू नको.”

“ते शिंगं नाईत. कान हायेत.”

“बैलाला एवढे कान असतात का?”

“बैल नाईच तो,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “खेचर हाये. काकाजीचं. फौजेतलं.”

हे ऐकल्यावर शहाण्या माणसानं हात मागं घेतला असता. मी घाईघाईनं शिंगांचे पुन्हा कान करायला घेतले. उजवा बऱ्यापैकी झाला. डावा माझ्या बोटांत आला.

आता मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नांदुऱ्याला माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. आमच्या गावात बारसं असो, सप्ताह असो की निवडणूक, माईक माझा असतो. आणि माईक आपला आहे म्हणजे बोलायचंही आपणच, असा माझा एक समज आहे. गावकरी तो खोडून काढत नाहीत, कारण मी त्यांच्याकडून भाडं घेत नाही. घरातल्या गोष्टी सांगायचं कामही माझ्याचकडे. आजोबांनी विहीर कशी खणली, आत्याच्या लग्नात जावई कसा रुसला, हे पोराबाळांना मीच सांगतो. त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट काकांची.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत ते तोफखान्यात होते. मला लहानपणी काकूंकडून एवढं एकच वाक्य मिळालं होतं. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. माझ्या गोष्टीत काका एका डोंगरावर तोफ रोखून बसलेले असत आणि खालून शत्रूचे रणगाडे येत. काका ते एकामागून एक उडवत. सुरुवातीला रणगाडे कमी होते, पण ऐकणारी पोरं जसजशी वाढली तसतसे तेही वाढत गेले. काका स्वतः हजर असले की थोडं ऐकून घेत आणि मग मधेच उठून गाईला वैरण टाकायला जात. मला वाटे, केवढा हा विनय!

आणि ते मातीचं खेचर दर पोळ्याला त्या पाटावर उभं होतं. मी दरसाल नांदुऱ्याहून पोळ्याला येतो, दरसाल तो पाट पाहतो. पाहतो म्हणजे, पाटाच्या पलीकडे पुरणपोळ्यांची परात असते. तिकडे पाहताना वाटेत पाट लागतो.

“तुला कधीपासून माहीत आहे?” मी मोडका कान मुठीत लपवत बायकोला विचारलं.

“लग्न होऊन आली तवापासून.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमच्याजवळ माईक हाये ना,” ती म्हणाली आणि आत गेली.

पाठोपाठ काका आले. त्यांच्यासोबत गावातले शिंपीचाचा. काका आणि चाचा लहानपणापासूनचे दोस्त. गावच्या सगळ्या बैलांच्या पाठीवरच्या झुली चाचांच्या मशीनवर शिवल्या जातात. त्या दिवशी त्यांच्या हातात एक तळहाताएवढी झूल होती, लाल कापडाची, कडेनं बेगड लावलेली. म्हणजे चाचांनाही माहीत होतं. गावातल्या झूल शिवणाऱ्याला माहीत, आणि घरच्या गोष्टी सांगणाऱ्याला नाही.

काकांनी खेचराकडे पाहिलं. मग माझ्या मुठीकडे.

“मोडला?”

“मोडला.”

“आन इकडं.”

त्यांनी ओली माती लावून कान बसवून पाहिला. वाळत आलेल्या मातीला ओली माती धरेना. बसवावा आणि हात काढावा, की कान पाटावर. शेवटी त्यांनी तो कान पुसून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“अरे भाई, आजच्याच दिशी?” चाचा मला म्हणाले. “दरसाल हा पाटावर बसते, तवा तुले याचे कान नाई दिसले. आज याले तोरनाखालून जायाचं, त आजच तुहा हात वळवळला?”

“तोरणाखालून?” मी म्हणालो.

पोळ्याच्या तोरणाचं आमच्याकडे असं आहे. संध्याकाळी गावातल्या सगळ्या जोड्या सजून वेशीजवळ उभ्या राहतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखालून पहिली जाते ती मानाची जोडी. हा मान पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या एका मोठ्या वाड्याचा. पण वाड्यावर आता ट्रॅक्टर आहेत, बैल नाहीत. गेल्या पोळ्याला वाड्यावरच्या मालकांनी ट्रॅक्टरलाच बाशिंग बांधलं, बोनेटवर झूल टाकली आणि हॉर्न वाजवत तोरणाखालून काढला. हॉर्नला बिथरून दोन जोड्या थेट उडदाच्या शेतात गेल्या. त्यावरून गावात बरंच तोंड वाजलं, आणि नव्या सरपंचानं ठरवलं की यंदाचा मान गावच्या फौजीला. जोडी दुसऱ्या कोणाची तरी सजवून देऊ, काकांनी नुसता कासरा धरून पुढं चालायचं.

काका सत्काराच्या नावानं लांब पळणारे. पंधरा ऑगस्टला शाल घेऊन लोक दारात आले की हे मागच्या दारानं शेतात. पण पोळ्याच्या मानाला ते लगेच हो म्हणाले. सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. मला वाटलं, माझ्या गोष्टींचा परिणाम.

“बस खाली,” काका मला म्हणाले. “आता कान मोडलाच हाये, त ऐकून घे.”

मी बसलो. चाचाही पायरीवर टेकले.

“भरतीत इचारलं, जनावर सांभाळाचं कोनाले येते? म्या हात वर केला. शेतकऱ्याचा पोरगा, म्हनलं बैल असतीन. तिथं पाह्यतो त हे एवढाले खच्चर! पह्यल्याच दिशी यानं मले लात मारून चाऱ्यात फेकलं.”

“यानं म्हणजे?”

“यानंच.” काकांनी पाटाकडे बोट केलं. “नाव नव्हतं त्याले. खुरावर नंबर व्हता. म्या गड्या म्हनो. तोफ काय हातानं उचलून नेते का कोनी डोंगरावर? तिचे तुकडे करत. चाक एकाच्या पाठीवर, नळी एकाच्या. याच्या पाठीवर नळी राहे. म्या लगाम धरून चालो. तोफखान्यात व्हतो, हे खरंच हाये. तुही काकू खोटं नाई सांगत.”

“आणि रणगाडे?”

“रनगाडे तुहे हायेत, लेका. माहे नाईत.”

चाचा पायरीवर बसल्या बसल्या इतके हसले की त्यांना खोकला आला.

“याचे कान मोठे तेज,” काका पुढं म्हणाले. “गोळा आमाले ऐकू याच्या आंधी याले समजे. दोन्ही कान असे टवकारे अन् जागच्या जागी उभा राहे. मंग वढा, शिव्या द्या, काई करा, हालत नसे. आम्ही समजून जावो, अन् जमिनीवर लोळन घेवो. किती खेपा वाचवलं त्यानं.”

मी ऐकत होतो. म्हणजे एका बाजूनं ऐकत होतो आणि दुसऱ्या बाजूनं हे संध्याकाळी माईकवर कसं मांडावं ते मनात जुळवत होतो. पहिल्या वाक्यात हिमालय आणावा की शेवटी, इथं माझं अडलं होतं.

“त्या साली पोळ्याले आम्ही वरतंच व्हतो. घरची याद येऊन राह्यली. पुरन कुठचं भेटते तिथं? गूळ व्हता, रोटी व्हती. आदल्या दिशी याच्या खांद्याले तूप चोळलं, अन् आपन बैलाले म्हनतो तसं म्हनलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. संगचे पंजाबी, गढवाली पोट धरून हासले. म्हने, खच्चर को न्योता देता है! म्या याच्या कानात म्हनलं, तू याइच्याकडं पाहू नको. पुढच्या पोळ्याले तुले आमच्या गावच्या तोरनाखालून काढतो. समद्याइच्या आंधी.”

काका थांबले. त्यांनी पाटावरची झूल उचलली, उलटी करून पाहिली, परत ठेवली.

“मंग थंडीत लढाई लागली. वर नळी घेऊन चाललो व्हतो, पायवाटेवर गोळा पडला. म्या लगाम सोडला नाई. लगामच तुटला. तो खाली गेला. म्या वर राह्यलो.”

चाचा पायरीवरून बेगडाचा एक तुकडा नखानं काढत बसले. 

“मले मेडल भेटलं,” काका म्हणाले. “याले काईच नाई. तवापासून दरसाल मातीचा करतो. आदल्या दिशी आवतन देतो, दुसऱ्या दिशी पोळी चारतो. पन राह्यते पाटावरच. पाट काई तोरन नाई. माहे गुडघे असे, गावातले बैल दरसाल कमी होऊन राह्यले. पुढच्या साली तोरन तरी बांधतीन का? आज मान माहा हाये, त आज याले काढतो.”

“भर गावात खच्चर घेऊन उभे राहान, त मी जानेफळले पुन्हा कधी तोंड दाखवाची नाई!”

हा आवाज आतून आला. काकूंचा. काकूंचं माहेर जानेफळ, आणि त्यांचे दोन भाऊ पोळ्याला म्हणून दुपारच्या गाडीनं यायचे होते. काकू हातात लाटणं घेऊन दारात आल्या.

“माह्या बापाले सांगतलं, जवाई तोफवाला हाये. भावायनं साऱ्या जानेफळात सांगतलं. म्याही इतकी वर्सं टिकवलं. आता माहे भाऊ पुढं बसतीन अन् हे ताटात खच्चर घेऊन येतीन! लोक म्हनतीन, तोफवाला सांगून खच्चरवाला देल्ला.”

“लग्नात तुले तोफ पाह्याची व्हती का मले?” काकांनी विचारलं.

“तवा दोन्ही दुरूनच बरे दिसले!” काकू म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पाटाकडे गेलं. “अन् आता त त्याले कान बी नाई! कोनं मोडला?”

काका, चाचा आणि दाराआडून बायको, तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. काकूंनी लाटणं माझ्याकडे रोखलं, पण पोळी तव्यावर होती म्हणून त्या आत गेल्या. जाताना म्हणाल्या, “मी काई येत नाई वेशीवर. ज्याले जायाचं त्यानं जावं.”

मानाच्या जोडीची पूजा घरच्या बाईनं करायची असते. काकू आल्या नाहीत तर गावातली दुसरी कोणीही बाई पुढं झाली असती, त्याची अडचण नव्हती. पण काका त्यानंतर बराच वेळ आत चुलीकडं पाहत बसले. दुपारी जेवताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, “आज तू बोलशीन ना माईकवर, तवा त्यातले रनगाडे काढून टाक.”

“सगळे?”

“एकही ठेवू नको.”

माझं अर्धं भाषण गेलं.

संध्याकाळी वेशीजवळ गर्दी झाली. पूर्वी जिथं जोड्या मावत नसत तिथं आता जोड्यांपेक्षा मोटारसायकली जास्त असतात. तरी ज्या होत्या त्या सजून उभ्या होत्या. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर चाचांच्या झुली. मी निंबाच्या झाडाला भोंगा बांधला होता आणि “हॅलो, हॅलो” हे माझं सर्वांत निर्दोष भाषण चालू होतं. पुढच्या खुर्च्यांवर काकूंचे दोन्ही भाऊ, पांढरे सदरे घालून. त्यांच्या शेजारी वाड्यावरचे मालक. सरपंचानं काकांसाठी एक दांडगी जोडी तयार ठेवली होती.

काका आले ते हातात पितळी ताट घेऊन. ताटात लाल झूल घातलेलं, एका कानाचं, वीतभर खेचर. त्यांनी अंगात जुना कोट घातला होता आणि कोटाला मेडल लावलं होतं. ते त्या दांडग्या जोडीजवळून पुढं गेले आणि तोरणासमोर जाऊन उभे राहिले.

आधी कोणाला काही समजेना. मग मागून एक जण ओरडला, “काकाजी, गाढव कोनाचं आनलं हो?” आणि गर्दी हसली. काकूंच्या मोठ्या भावानं चष्मा काढून पुसला, परत लावला, पण त्यानं ताटातलं काही बदललं नाही.

वाड्यावरचे मालक उठले. “सरपंच, हे काय चाललं? बैलायचा सन हाये. तोरनाखालून असं भलतंसलतं जाऊन राह्यलं त कसं होईन?”

सरपंचानं माझ्याकडे पाहिलं. मी माईककडे पाहिलं. कधी नव्हे ते मला वाटलं की हा माईक दुसऱ्या कोणाचा तरी असावा.

चाचा गर्दीतून पुढं आले. “मालक, गेल्या साली ट्रॅक्टर गेलं तोरनाखालून. त्याले कोन्त्या गाईनं जन्म देल्ला व्हता?”

आता जी गर्दी हसली ती दुसऱ्या बाजूनं. मालकही शेवटी हसले, कारण गडी तसा दिलदार आहे, आणि खुर्चीवर बसले. “बरं बाप्पा, सांगा त खरं, हाये तरी काय हे?”

काकांनी माझ्यापुढे हात केला. मी माईक दिला. माझ्या हातातला चालू माईक कोणी मागून घेतला आणि मी तो दिला, असं आमच्या गावात पहिल्यांदाच घडलं.

“हे खच्चर हाये,” काका म्हणाले. भोंग्यातून त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला असावा, ते जरा दचकले. “लढाईत म्या तोफ चालवली नाई. यानं ते वाहून नेली, म्या याचा लगाम धरला. याले म्या आपल्या तोरनाचं आवतन देल्लं व्हतं. तो वरतंच राह्यला. म्हनून हा मातीचा. तुमची मर्जी असंन त काढतो याले. नसंन त घरी नेतो.”

बस्स, एवढंच. हिमालय नाही, शौर्य नाही, उपस्थित मान्यवर नाहीत. मी याच्यात निदान वीस मिनिटं काढली असती.

कोणी नाही म्हणालं नाही. ज्यानं गाढव म्हटलं होतं त्यानं टोपी काढून हातात घेतली. सरपंच जवळ जाऊन ताटावर वाकला, बारकाईनं पाहू लागला, आणि माईक काकांच्या हातात चालूच असल्यामुळं त्याचा प्रश्न साऱ्या गावाला ऐकू गेला.

“काकाजी, अन् याचा डावा कान कुठी गेला?”

माझा हात आपोआप साउंडच्या मशीनच्या बटणाकडे गेला. साऱ्या गावासमोर, काकूंच्या भावांसमोर, गेली कित्येक वर्षं ज्या पोरांना मी रणगाडे पुरवले त्या पोरांसमोर, आता काका सांगणार होते की हा आमचा पुतण्या, यानं सकाळी त्याची शिंगं केली. काकांनी मान वळवली. माझ्याकडे एकदा पाहिलं.

“लढाईत गेला,” ते म्हणाले.

गर्दीतून एक हळहळ उमटली. मी तर थक्कच झालो. डावाच कान! अगदी तोच! म्हणजे सकाळी माझ्या हातून घडलं ते उगाच नव्हतं. अंगावर काटा आला. मी पुढं होऊन माईक परत घेतला आणि सुटलो. सांगितलं की त्या शूर जनावराचा डावा कान देशासाठी कामी आला. सांगितलं की गोळा असा आला, कान असा उडाला, तरी त्यानं पाठीवरची नळी पडू दिली नाही. आणि वर हेही सांगितलं की आज सकाळी याच मातीच्या मूर्तीचा तोच कान आपोआप गळून पडला, आता याला काय म्हणावं ते गावानं ठरवावं. पोरं आ वासून ऐकत होती. काका गाईला वैरण टाकायला जावं तसं कुठंतरी पाहत होते, पण गाय तिथं नव्हती.

“सरका! वाट द्या!”

काकू होत्या. भोंग्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत जातो. एका हातात पाण्याचा लोटा, दुसऱ्या हातात आरतीचं ताट, आणि मागं माझी बायको पुरणपोळी झाकून घेऊन. काकू भावांच्या खुर्च्यांसमोरून गेल्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काकांच्या ताटासमोर येऊन त्यांनी लोटा उचलला आणि तिथंच अडल्या. बैलाच्या पायावर पाणी घालतात. पण मातीच्या पायावर पाणी घातलं तर मानकरी जागीच विरघळायचा.

काकूंनी क्षणभर विचार केला आणि लोटा काकांच्या पायांवर रिता केला.

काका एकदम मागं सरकले. “अवो! माह्या काऊन?”

“हालू नका,” काकू म्हणाल्या. “दोघायचे एकच समजा.”

पुढच्या रांगेतून काकूंचे भाऊ उठले, आधी धाकटा आणि मग मोठा, आणि दोघांनी येऊन ताटाला हात लावून नमस्कार केला. मोठा भाऊ काकांना म्हणाला, “भाऊजी, आमी साऱ्या जानेफळात तोफ सांगतली.”

“तोफच व्हती,” काका म्हणाले. “पाठीवर.”

आमच्याकडे तोरणाजवळ झडत्या म्हणतात. झडती म्हणजे दोन ओळी जुळवून जोरात म्हणायच्या, त्यात कोणाची तरी थट्टा असली की गावाला बरं वाटतं. चाचांनी हात वर केला आणि तिथल्या तिथं जुळवून म्हणाले:

“शिंग नाई, वशिंड नाई, कान उरला एक,
फौजेतून पोळ्याले आला सोयरा नेक!”

गावानं हर हर महादेव केलं, घुंगरमाळा वाजल्या. काकांनी ताट छातीशी धरलं, खाली वाकून त्या उरलेल्या उजव्या कानाशी काहीतरी म्हणाले आणि चालू लागले. भोंगा, हलग्या आणि माणसं, इतक्या गलक्यात ते काय म्हणाले ते कोणालाच ऐकू आलं नाही. माईक माझ्या हातात होता आणि मी तो पुढं केला नाही, हे त्या दिवशीचं माझं एक बरं काम. गुडघ्यांमुळं काका सावकाश चालतात. मागं सगळ्या जोड्या थांबून होत्या. तोरणाखाली पोचल्यावर काकांनी ताट थोडं उंच केलं, त्याला आंब्याचं एक पान लागलं, आणि ते पलीकडे गेले.

दिवेलागणीला सामान आवरून आम्ही घराकडे निघालो. माझ्या खांद्यावर भोंगा, बायकोच्या हातात वायरींची पिशवी. मी अजून तरंगतच होतो. मी तिला म्हणालो, पाहिलंस, लोक कसे ऐकत होते त्या कानाची गोष्ट? आणि काय योग बघ, तोच कान माझ्या हातून मोडावा! काही गोष्टी देव माझ्याकडूनच करून घेतो.  दारापाशी आल्यावर तिनं पिशवी ओट्यावर ठेवली.

“त्या खेचराचे दोन्ही कान शाबूत व्हते,” ती म्हणाली. “सकाळी तुमच्या म्होरंच सांगतलं ना काकाजीनं, दोन्ही कान टवकारे म्हनून? पन तुम्ही ऐकत कुठी व्हते, तुम्ही त माईकवर काय बोलाचं ते जुळवून राह्यले व्हते. मी दरसाल त्याच्या दोन कानायच्या मधात कुंकू लावते. कान लढाईत नाई गेला. तुमची इज्जत जाऊ नये म्हनून काकाजीनं आज तो लढाईत धाडला. अन् आता तो भोंगा जरा नीट धरा, त्याचाई कान मोडसान.”